राखीव खाटेची कुळकथा

विलेपार्ले, अंधेरी, पवई या पट्ट्यातल्या न्यासाच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलात, तर बिलिंगच्या खिडकीजवळ किंवा लिफ्टच्या बाजूला भिंतीवर एक फलक असायला हवा. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात, अमुक उत्पन्नापर्यंत, समाजसेवकांना भेटा. शंभरातल्या वीस खाटा म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नाही. पण ज्यांच्यासाठी हा फलक लावला, ती माणसं असल्या इमारतीच्या दाराशी फारशी येतच नाहीत. छातीत कळ आली की जोगेश्वरीतला माणूस रिक्षा कूपरकडे वळवतो आणि घाटकोपरचा राजावाडीकडे. काचेच्या दाराआड आपल्या हक्काची खाट आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ही खाट आली कुठून? तिचा माग काढत गेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ती कुणाच्या दयेतून जन्मली नाही. रुग्णालयांना मिळालेल्या जमिनीची, वाढीव बांधकामाची, माफ झालेल्या करांची ती किंमत आहे. समाज ती किंमत आधीच देऊन बसला आहे. तरीही घेणाऱ्याला हात पसरावा लागतो.

सुरुवातीला राखीव खाट नावाचा प्रकार नव्हता, कारण सगळं रुग्णालयच गरिबांचं होतं. भायखळ्याचं जे. जे. १८४५ साली सुरू झालं. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि तेवढेच कंपनी सरकारनं घातले. त्या काळी पैसेवाला माणूस इस्पितळात जात नसे. डॉक्टर त्याच्या घरी येई. बाळंतपण घरात, आजारपण घरात, मरणही घरात. इस्पितळात जायचा तो निराधार, खलाशी, गिरणीतला मजूर, ज्याला घरी बघणारं कोणी नाही असा माणूस. दात्याचं नाव संगमरवरावर कोरलं जाई आणि खाटेवरच्या माणसाला त्याचं उत्पन्न कोणी विचारत नसे.

लोकांना इस्पितळाची भीती मात्र होती, आणि ती साधार होती. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा माणसांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेलं जाऊ लागलं आणि त्याच वर्षी गिरणी कामगारांच्या जमावानं त्या इस्पितळावर हल्ला केला. मग जातीजातींनी, पंथापंथांनी आपापली प्लेग इस्पितळं उघडली. खाट कोणाची, हा प्रश्न या शहरात तिथे पहिल्यांदा उघडपणे उभा राहिला. त्याचं तेव्हाचं उत्तर होतं, आपल्या माणसांसाठी. पुढे मुंबईत न्यासांची जी रुग्णालयं झाली, त्यांच्या मुळाशी हे उत्तरही आहे.

दुसरं उत्तर परळला मिळालं. १९२६ साली महापालिकेचं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगीला एक अट घातली होती: शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर भारतीयच हवेत. पैसे देणारा अट घालू शकतो, आणि ती अट लोकांच्या बाजूची असू शकते, हे त्या देणगीनं दाखवून दिलं. राखीव खाटेच्या वंशवृक्षात मी हा प्रसंग मुद्दाम ठेवतो. खासगी पैसा सार्वजनिक हाती देताना अट घालायची, हीच कल्पना पुढे उलट्या दिशेनं कायद्यात आली.

उपनगरं या गोष्टीत उशिरा येतात. अंधेरीपर्यंतचा भाग १९५० साली महापालिकेत आला, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. तोवर केईएम, नायर, शीव, जे. जे. ही सगळी मोठी रुग्णालयं शहरात उभी राहून गेली होती. नंतर माणसं उत्तरेकडे सरकत राहिली, पण मोठी रुग्णालयं तिथेच थांबली. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. तरी उपनगरातलं महापालिकेचं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय कूपर रुग्णालयाशी जोडून सुरू झालं ते २०१५ मध्ये. बोरिवलीचा रुग्ण पिढ्यान् पिढ्या चर्चगेटची गाडी पकडून परळ गाठत आला, सोबत एक्स-रेचं पाकीट आणि डबा घेऊन.

उपनगरातल्या पालिका रुग्णालयांची नावं बघा: डॉ. रुस्तम नरसी कूपर, हरिलाल भगवती, मनसादेवी तुळशीराम अगरवाल, सेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा. शेवटचं नाव लोक घेतच नाहीत, सगळे राजावाडीच म्हणतात. पाटीवर व्यक्तीचं नाव असलं तरी आत प्रत्येक खाट पालिकेची. केसपेपर काढायचा आणि आत जायचं. खाट शिल्लक नसली तर जमिनीवर गादी टाकतात, पण परत पाठवत नाहीत. या रुग्णालयांतली गर्दी, अपुऱ्या परिचारिका, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं यांविषयी तक्रारी खूप आहेत आणि खऱ्याही आहेत. तरी तिथली कुठलीच खाट राखीव नव्हती, कारण सगळ्याच सगळ्यांच्या होत्या.

खाट राखून ठेवायची वेळ आली ती पैसेवाला माणूस इस्पितळात आल्यावर. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन या गोष्टी घरी नेता येत नाहीत. रुग्णालय श्रीमंतालाही हवंसं झालं, मग महाग झालं, आणि ज्याच्यासाठी ते मुळात बांधलं होतं तोच बाहेर पडला. हा बदल फार जुना नाही; साधारण दोन पिढ्यांचा.

नवी रुग्णालयं बहुतेक न्यासांची होती आणि ती केवळ दात्याच्या पैशावर उभी राहिली नाहीत. सरकारी भूखंड सवलतीत मिळाले, नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून सूट मिळाली, विकास नियंत्रण नियमांत रुग्णालयांना जादा चटई क्षेत्र मिळालं, न्यास म्हणून आयकरात सवलत मिळाली. मुंबईच्या उपनगरात जादा चटई क्षेत्र म्हणजे काय, हे घर शोधलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात या देण्याघेण्याचा हिशेब दोन ठिकाणी मांडला गेला. केंद्राच्या १९८८ च्या अधिसूचनेनं रुग्णालयांना परदेशी यंत्रं सीमाशुल्काविना आणू दिली, त्या बदल्यात बाह्यरुग्णांपैकी निदान चाळीस टक्के मोफत तपासायचे आणि महिना पाचशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी दहा टक्के खाटा ठेवायच्या. ती सवलत पुढे मागे घेतली गेली, यंत्रं मात्र चालत राहिली. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली मेडिवेल रुग्णालयाच्या खटल्यात सांगितलं की ही जबाबदारी कायम चालणारी आहे, एकदा यंत्र आलं की संपत नाही. दुसरा हिशेब महाराष्ट्राचा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१ कक घालण्यात आलं. शासनाची कुठल्याही रूपात मदत घेतलेल्या न्यासाच्या रुग्णालयांना गरिबांसाठी दहा टक्के आणि सवलतीत दहा टक्के खाटा ठेवायला सांगण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना मिळाला. मदतीच्या व्याख्येत जमीन, चटई क्षेत्र, कमाल धारणेतली सूट हे सारं होतं. म्हणजे कायद्यानं साफ लिहून ठेवलं होतं की खाट कशाच्या बदल्यात आहे.

अशी अट फक्त आपल्याकडेच होती असं नाही. अमेरिकेत १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यानं सरकारी पैशातून बांधलेल्या रुग्णालयांवर गरिबांना मोफत उपचार द्यायचं बंधन घातलं. तिथेही कित्येक वर्षं ते कागदावरच होतं, आणि सत्तरच्या दशकात रुग्णांनी न्यायालयं गाठल्यावरच ते हललं.

आपल्याकडेही न्यायालयच गाठावं लागलं. संजीव पुनाळेकर यांची २००४ ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली आणि १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयानं एक पूर्ण योजनाच मंजूर केली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तिचे तपशील प्रत्येक उपनगरवासीयानं माहीत करून घ्यावेत असे आहेत. रुग्णालयानं इतर सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलांपैकी दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. शंभर कोटींची बिलं झाली तर दोन कोटी या निधीत, आणि ते भरतो कोण? खासगी खोलीत पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, शुश्रूषा, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या मोफत. औषधं आणि रोपण साहित्य खरेदीच्या किमतीत धरून निधीतून वजा करायचं. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य, रोपण यांचा निदान निम्मा भार उचलावा लागतो. तातडीच्या वेळी रुग्णाला ताबडतोब दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, आणि या रुग्णांकडून अनामत रक्कम मागायची नाही.

अनामत मागायची नाही, ही ओळ २००६ पासून आहे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर, धर्मादाय रुग्णालयानं दाखल करण्याआधी दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि सगळं राज्य हादरलं. मंत्रालयात बैठका झाल्या, चौकशी समित्या नेमल्या गेल्या, नवे आदेश निघाले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एवढ्या वर्षांनंतरही हा नियम पुष्कळांना नवीन वाटला.

नियम असून खाट का मिळत नाही, याचं एक उत्तर कागदात आहे. योजना सुरू झाली तेव्हा निर्धन म्हणजे वर्षाला २५ हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे ५० हजारांच्या आत. पुढे मर्यादा वाढत वाढत १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर आल्या. म्हणजे आज महिना तीस हजार कमावणारं कुटुंब दुर्बल घटकात बसतं. रिक्षावाला, मॉलमधला सुरक्षारक्षक, सीप्झमधली कामगार बाई, शिकवण्या घेणारा शिक्षक. पण या घरांकडे रेशनकार्ड कुठलं असतं? तीन रंगांची रेशनकार्डं १९९९ पासूनची, आणि केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाखाचीच. अडीच लाख कमावणाऱ्या घराला नियमानं पांढरं कार्ड मिळतं, आणि पांढरं कार्ड खिडकीवर ठेवलं की समोरचा माणूस मान हलवतो. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला, आणि घाटकोपरच्या माणसाला कुर्ला तहसीलसाठी मुलुंड गाठावं लागतं. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना घरातल्या एकानं रजा टाकून ही धावपळ करायची. तोवर बिलाचं मीटर चालू. दाखला हाती येईपर्यंत उत्तर तयार असतं: राखीव बेड भरले आहेत, निधी संपला आहे. ते खरं आहे का, हे त्या क्षणी तपासणारं कोणी तिथे नसतं. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते. पण रात्री दोन वाजता स्ट्रेचरशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती कोण दाखवणार? पालिका रुग्णालयातल्या समाजसेवकांना मी या बाबतीत फार मानतो. कुठल्या न्यासाकडे काय मिळेल, कोणाला फोन केला तर काम होईल, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण ही योजना अशा चार-सहा माणसांच्या ओळखीवर चालावी, यातच तिचं अपयश आहे.

दुसरं उत्तर मालकीत आहे. अंधेरीत चार बंगल्याला डॉ. नितू मंडके मोठं रुग्णालय उभारत होते. २००३ मध्ये ते गेले आणि २००९ मध्ये ते कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय म्हणून सुरू झालं. विलेपार्ल्याचं नानावटी हा जुना न्यास, पण २०१४ पासून त्याचं व्यवस्थापन रेडियंट या कंपनीकडे गेलं आणि आता पाटीवर मॅक्सचं नाव आहे. इमारत न्यासाची आणि कारभार कंपनीचा, असं झालं की राखीव खाटांचं बंधन पाळायला कोणाला जबाबदार धरायचं? कायद्याच्या लेखी बंधन न्यासावर आहे, पण रोजच्या रोज खाट देणं-न देणं कारभार बघणाऱ्यांच्या हाती.

मरोळच्या सेव्हनहिल्सची गोष्ट याहून बोलकी आहे. जमीन महापालिकेची, रुग्णालय खासगी कंपनीचं, पंधराशे खाटांचा आराखडा आणि त्यातल्या वीस टक्के, म्हणजे तीनशे, पालिकेनं पाठवलेल्या रुग्णांसाठी. २०१० मध्ये ते सुरू झालं. आराखड्यातल्या खाटा कधीच पूर्ण उघडल्या नाहीत, पालिका आणि कंपनी वाद घालत राहिल्या आणि २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वीस टक्के कशाचे, हे करारात कितीही पक्कं लिहिलं, तरी रुग्णालयच बंद पडलं की पालिकेच्या रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही.

मग २०२० आलं. तीच इमारत पालिकेनं हातात घेतली आणि ती मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या कोविड रुग्णालयांपैकी एक झाली. त्याच उन्हाळ्यात राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा ठरवून दिलेल्या दरांत ताब्यात घेतल्या. पालिकेच्या वॉर्डावॉर्डांत वॉर रूम उघडल्या आणि खाट कोणाला द्यायची, हे बिलिंगच्या खिडकीऐवजी तिथून ठरू लागलं. गोंधळ झाला, ओळखीपाळखीही चालल्या, माणसं गेली. तरी काही महिने या शहरात उत्पन्नाचा दाखला न मागता खाट वाटली गेली. जे शक्य नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, ते करून दाखवलं गेलं होतं. लाट ओसरली आणि खिडकी पूर्ववत झाली.

आता राखीव खाट उलट्या वाटेनं चालली आहे. महापालिकेनं उपनगरातली नव्यानं बांधलेली रुग्णालयं खासगी भागीदारीत चालवायला द्यायचं ठरवलं आहे. २०२५ मध्ये त्यासाठी काढलेल्या निविदांत गोवंडीची शताब्दी आहे, बोरिवलीची भगवतीही आहे. रुग्ण हक्काच्या कार्यकर्त्यांनी आणि कामगार संघटनांनी विरोध केला. कल्पना साधी आहे: इमारत पालिका बांधून देणार, चालवणार खासगी संस्था, आणि ठरावीक खाटा पालिकेच्या दरानं राहणार. भगवतीत दहिसर-बोरिवलीचा माणूस आजवर केसपेपर काढून खाट मागत आला. त्याच रुग्णालयात आता किती खाटा त्याच्या, आणि त्या मिळवायला कुठलं रेशनकार्ड दाखवायचं, हे करारात लिहिलं जाईल. तो करार अंतिम होण्याआधी बोरिवलीकरांनी तो मागून वाचला पाहिजे, आणि २००६ ची योजना शेजारी ठेवून वाचला पाहिजे.