मुंबई क्रिकेटच्या खुर्चीवरचा शेवटचा कसोटीपटू

लहानपणी सुनील गावस्करने मामाच्या घरी क्रिकेटचे स्वेटर आणि टोप्या बघितल्या आणि त्यातली एक वस्तू मागितली. मामाने साफ नाही म्हटलं. अशी वस्तू कुणी देत नसतं, मैदानावर कमवावी लागते, असं भाच्याला सांगितलं. गावस्करांनी ही आठवण स्वतःच अनेकदा सांगितली आहे.

ते मामा म्हणजे माधव मंत्री. बहुतेकांना ते एवढेच माहीत असतात, "गावस्करचे मामा". पण हा माणूस त्याहून बराच मोठा होता.

जन्म नाशिकचा, 1 सप्टेंबर 1921. क्रिकेट मात्र मुंबईचं, दादर युनियनचं. यष्टिरक्षक आणि फलंदाज. कसोटी सामने फक्त चार. 1952 च्या लीड्स कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली होती ना? त्या चौघांत मंत्री होते, ट्रूमनने त्रिफळा उडवलेला. म्हणजे आंतरराष्ट्रीय कारकीर्द काही फार गाजली नाही, हे सरळ मान्य करू.

पण रणजीत? 1948-49 ला पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई, उपांत्य सामना. मुंबई 651 आणि 714, महाराष्ट्र 407 आणि 604. एकूण 2376 धावा! त्या सामन्यात मंत्रींच्या 200. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तीनदा रणजी जिंकली.

खेळ संपल्यावर त्यांनी मैदान सोडलं नाही. 1964 ते 68 राष्ट्रीय निवड समितीत होते. 1990 च्या इंग्लंड दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक होते, म्हणजे मँचेस्टरला 17 वर्षांच्या सचिनने पहिलं कसोटी शतक ठोकलं तोच दौरा. त्याच सुमारास ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष आणि बीसीसीआयचे खजिनदारही झाले.

आता मुद्द्यावर येतो. मंत्रींच्या नंतर त्या अध्यक्षपदावर एकही कसोटीपटू बसलेला नाही. मनोहर जोशी आले, शरद पवार आले, विलासराव देशमुख आले, आशिष शेलार आले. खेळाडूंनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. 2001 मध्ये अजित वाडेकर पवारांकडून हरले. 2011 मध्ये दिलीप वेंगसरकर विलासरावांकडून हरले. 2022 मध्ये संदीप पाटील अमोल काळेंकडून हरले, 158 विरुद्ध 183 मतं. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणारा कर्णधारसुद्धा आपल्याच शहरातल्या क्लबांची मतं मिळवू शकला नाही, बोला!

सगळा दोष राजकारण्यांवर ढकलणं सोपं आहे. पण वानखेडे स्टेडियम उभं केलं ते शेषराव वानखेडेंनी, आणि तेही राजकारणीच होते. सरकारदरबारी कामं करून घ्यायला त्यांच्यासारखी माणसं उपयोगी पडतात, हे खरं आहे. शिवाय मत देणारे कोण? क्लब, ऑफिसांचे संघ, शाळा-कॉलेजं. म्हणजे आपलीच मंडळी. मत आपणच द्यायचं आणि नंतर कट्ट्यावर बसून राजकारणाच्या नावाने बोटं मोडायची, हे किती दिवस चालणार?

खेळाडू आला की कारभार आपोआप सुधारतो असंही माझं म्हणणं नाही. पण मंत्री क्लबच्या मैदानापासून राष्ट्रीय निवड समितीपर्यंत प्रत्येक पायरी चढून त्या खुर्चीपर्यंत पोचले होते. कुठल्या मुलाला संधी द्यायची, कुणाला थांबवायचं, हे ठरवायला ती नजर लागते. स्वतःच्या भाच्याला साधी टोपी फुकट न देणारा माणूस संघातली जागा ओळखीवर देईल का?

23 मे 2014 ला वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले. तेव्हा ते हयात असलेले सर्वांत वयस्कर भारतीय कसोटीपटू होते. बातम्यांचे मथळे अर्थातच "गावस्करांचे मामा" असेच होते.

पुढची निवडणूक येईल तेव्हा तुमच्या क्लबचं मत कुणाच्या हातात आहे, तेवढं एकदा विचारून बघा. आणि मंत्रींना खेळताना किंवा मैदानावर पाहिलेलं कुणी इथे असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा.