व्हिएन्ना ते वांड्सबेक : फ्रॉइडच्या वाग्दत्त वधूची चार वर्षे (थ्रेड)

17 जून 1882 रोजी व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड आणि मार्था बर्नाइस यांचा वाङ्निश्चय झाला, तोही घरच्यांपासून लपवून. तो 26 वर्षांचा, ती 20 वर्षांची. विवाहास मात्र सप्टेंबर 1886 उजाडला.

विलंबाचे कारण पैसा. ब्र्यूके यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनावर संसार चालणे शक्य नव्हते. म्हणून त्याच वर्षी फ्रॉइडने संशोधन सोडून रुग्णालयातील उमेदवारी पत्करली. जून 1883 मध्ये मार्थाच्या विधवा आईने बिऱ्हाड हॅम्बुर्गजवळच्या वांड्सबेकला हलवले. रेल्वे होती, तिकिटाला पैसे नव्हते. उरली पत्रे. एकट्या फ्रॉइडची नऊशेहून अधिक.

त्यांत आर्जव आहे, तसा मत्सर आणि हुकूमतही. मार्थाच्या चुलत-मावस नात्यांतील जवळीकसुद्धा त्याला खुपे. स्त्रीमुक्तीवरील निबंध असलेल्या मिलच्या एका खंडाचा जर्मन अनुवाद त्याने स्वतः केला होता. तरीही नोव्हेंबर 1883 च्या पत्रात तो वाग्दत्त वधूला बजावतो की स्त्रीचे स्थान घरातच. (अनुवादकाला मूळ लेखक पटलाच पाहिजे असे थोडेच आहे!)

1884 मध्ये तो कोकेनच्या औषधी गुणांवर काम करीत होता. लेख घाईने आटोपून तो मार्थाच्या भेटीस गेला. दरम्यान त्याचा सहकारी कार्ल कोलर याने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत कोकेनने बधिरता आणता येते हे दाखवून कीर्ती मिळवली. 1925 च्या आत्मकथनात फ्रॉइडने हुकलेल्या संधीचे खापर, काहीसे थट्टेने, मार्थावर फोडले. तिकीट तर त्यानेच काढले होते.

खरा तिढा धर्माचा होता. मार्थाचे आजोबा हॅम्बुर्गचे प्रमुख रब्बी, फ्रॉइड नास्तिक. 13 सप्टेंबर 1886 रोजी वांड्सबेकला नोंदणी विवाह झाला, पण ऑस्ट्रियात धार्मिक विधीविना तो ग्राह्य नव्हता. दुसऱ्या दिवशी फ्रॉइडला हिब्रू वचने म्हणावी लागली. त्याचा वचपा त्याने घरात काढला : आप्तांच्या आठवणींनुसार, शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे दिवे लावण्यास त्याने मार्थाला मनाई केली.

फ्रॉइडची निवडक पत्रे 1960 मध्येच छापली गेली. मार्थाच्या उत्तरांसह संपूर्ण पत्रव्यवहार जर्मनमध्ये प्रसिद्ध होऊ लागला तो 2011 पासून.

1939 मध्ये फ्रॉइड वारला. त्यानंतर मार्थाने शुक्रवारचे दिवे पुन्हा लावण्यास प्रारंभ केला.