गडावरची चाकरी सुटल्यावर

मुरबाडच्या मैदानांतून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्या अलीकडे गोरखगड, मच्छिंद्रगड व सिद्धगड उभे आहेत. शहापुराजवळ माहुली आहे. आणि नाणेघाट चढून गेलें कीं जीवधन लागतो. हे गड पाहण्यास लोक हौसेनें जातात. परंतु एके काळीं अशा गडांवर कित्येक घरांची चूल पेटत असे, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं.

गड म्हटला कीं हवालदार, सबनीस, कारखानीस आले आणि त्यांच्या हाताखालीं शिबंदी आली. पहारा करणें, घाटाची वाट राखणें, रानांतील चाहूल घेणें, या कामांत महादेव कोळ्यांचा वाटा मोठा होता. कित्येक घराण्यांत ती चाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

जून १८१७ मधील पुण्याच्या तहानें उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें आणि पुढच्याच वर्षीं पेशवाई बुडाली. मेजर एल्ड्रिज यानें जुन्नरकडील किल्ले घेतले. जीवधनच्या पायऱ्या सुरुंगानें उडविण्यांत आल्या. नव्या सरकारला डोंगरी किल्ल्यांची गरज नव्हती. ते बंडखोरांच्या हातीं पडण्याची भीति मात्र होती. म्हणून किल्ले मोडले, शिबंदी उतरली, डोंगरी पहारेकऱ्यांची संख्या व पगार घटले आणि नायकांच्या नेमणुकांनाही कात्री लागली.

पगार गेला एवढ्यावर गडकऱ्याचें संकट संपत नव्हतें. चोरवाटा जाणणें, अंधारांत रान ओलांडणें, शस्त्र चालविणें हेंच त्याचें कसब. त्याला आतां कोणी धनी उरला नव्हता. उलट तेंच कसब संशयाचें कारण ठरलें. उरला तो डोंगरउतारावरचा नाचणी-वरीचा तुकडा. त्यावर सारा रोख भरावयाचा म्हणजे सावकाराचा उंबरठा चढणें आलें.

१८२९ च्या सुमारास रामजी भांगरे व त्यांच्या साथीदारांनीं बंड उभारलें. त्यांचे पुत्र राघोजी यांनीं १८४० नंतरच्या दशकांत सावकारांवर व सरकारवर शस्त्र उचललें. ते पंढरपुरास पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आली.

पुढें १८५७ चा वणवा पेटला, तेव्हां सरकारला त्याच लोकांची आठवण झाली. कॅप्टन नटॉल यानें सुमारें ६०० कोळ्यांची पलटण उभी केली. हिरवी पगडी, हिरवी बंडी, पायांत वहाणा. तंबू व सामानसुमान यांच्यावांचून ही माणसें डोंगरांतून कूच करीत. चाळीस वर्षांपूर्वीं निरुपयोगी ठरलेलें कसब आतां पगारास पात्र झालें. या पलटणीनें बंदोबस्त चोख राखला, अशी नोंद सरकारी गॅझेटियरांनींच केली आहे.

तरीही मार्च १८६१ मध्यें ती मोडण्यांत आली. कांहीं थोडे पोलिसांत गेले. बाकीचे पुन्हां नांगराकडे व मजुरीकडे वळले. सेवा चोख बजावली म्हणून चाकरी टिकली नाहीं. धोका टळतांच ती संपली. माणसाला कामावरून कमी करतांना त्याच्या अंगचें कसब कोठें जाईल, हा विचार १८१८ सालीं झाला नव्हता. १८६१ मध्येंही तो थोड्यांच्याच वांट्यास आला.