बौद्धिक संपदा हक्कांचे दिवाणी संरक्षण (भारत)

लेखन, संगीत, शोध, व्यापारचिन्ह, वस्तूचा आकृतिबंध किंवा भौगोलिक नाव यांवरील हक्काचा भंग झाल्यास हक्कधारकाने स्वतः दावा लावून मिळवायचा न्याय. फौजदारी कारवाईत आरोपीला शिक्षा होते. दिवाणी दाव्याचा रोख भंग थांबवण्यावर आणि नुकसान भरून काढण्यावर असतो. पेटंट व आकृतिबंध यांच्या उल्लंघनाला भारतात फौजदारी शिक्षा नाही. तेथे हाच मार्ग उरतो.

कॉपीराइट कायदा (१९५७), पेटंट कायदा (१९७०) आणि व्यापारचिन्ह कायदा (१९९९) यांत मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब हे तीन मुख्य उपाय सांगितले आहेत. यांपैकी खरी धार मनाई हुकुमाला आहे. भरपाईचा आकडा ठरेपर्यंत वर्षे लोटतात आणि तोवर बनावट मालाने बाजार काबीज केलेला असतो. म्हणून वादीचे सारे बळ अंतरिम मनाईच्या अर्जावर लागते. सकृद्दर्शनी हक्क, गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते आणि पैशाने भरून न येणारी हानी, या तीन कसोट्यांवर न्यायालय तो अर्ज तपासते. प्रतिवादी सावध होऊन माल लपवील अशी भीती असेल, तर त्याला नोटीस न देताही हुकूम निघतो. मुंबई उच्च न्यायालयात अशा वेळी कोर्ट रिसीव्हर थेट गोदामावर जाऊन मालाचा ताबा घेतो. भंग करणारा कोण हेच माहीत नसेल, तर ‘अशोक कुमार’ या कल्पित नावाने दावा चालतो. केबलवाल्यांच्या चोरट्या प्रक्षेपणाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये असा आदेश दिला होता.

कॉपीराइटच्या दाव्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. व्यापारचिन्हाची नोंदणी नसेल, तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याला रोखता येते. मात्र नावलौकिक, ग्राहकांची दिशाभूल आणि हानी वादीला दाखवावी लागते.

कॉपीराइट व व्यापारचिन्ह यांचा दावा वादी स्वतःच्या गावीही लावू शकतो. छोट्या लेखकाला आणि कारागिराला ही मोठी सवलत आहे. तिचा गैरफायदा घेऊन प्रतिवादीला दूर खेचता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात ठरवले. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याचे दावे २०१५ च्या कायद्याने वाणिज्य न्यायालयांकडे येतात आणि तातडीची मनाई मागितली नसेल, तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

दावा लावण्याचा अधिकार हक्कधारकाचा. इटलीतील प्राडा कंपनीने कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे सादर केल्यावर झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. ‘कोल्हापुरी चप्पल’ या भौगोलिक निर्देशनाचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्र व कर्नाटक यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत. दाद मागायची तर त्यांनी दावा लावावा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.