कापडच आहे की!



सुट्टीत नातवंडं आली होती. नातीसाठी शिवलेल्या कापडी बाहुलीच्या गळ्याला नातवानं कात्री लावली. "मारून बघतो, आत काय आहे ते!" मी कात्री काढून घेतली आणि जरा जोरातच ओरडले. सून म्हणाली, "आई, कापडच आहे की!" तिचं बोलणं वावगं नव्हतं, पण ते वाक्य मनातून जाईना.

आत काय असतं, हा प्रश्न मात्र जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधली रोमन काळातली एक बाहुली आहे, इ. स. पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानची. वीतभर, जाड्याभरड्या लिननची. तिच्या पोटात चिंध्या आणि पपायरस भरलाय. म्हणजे तिथल्या बाईनंही घरात उरलंसुरलं तेच वापरलं.

जर्मनीतल्या गिएंगेनची मार्गारेट श्टाइफ 1847 साली जन्मली. लहानपणीच पोलिओनं तिचे पाय गेले, उजवा हात अधू झाला, तरी ती शिवणकाम शिकली. 1880 मध्ये तिनं टाचण्या खोचायला छोटा हत्ती शिवला. मुलांनी तोच खेळायला घेतला आणि पुढे त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. तिच्या जिद्दीला नमस्कारच. पण तिचा हत्ती लोकरीच्या फेल्टचा, आतही मेंढीची लोकर.

माझ्या आईनं बाहुलीला लोकर की रेशीम कधी लावलं नाही. जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे उलटे ठेवून कडेनं बारीक टीप घालायची, पाठीत तीन बोटं जागा सोडायची आणि तिथून सुलटं करायचं. आधी हातपाय भरायचे. पिंजलेला कापूस थोडा थोडा, पेन्सिलीच्या बोथट टोकानं. एकदम कोंबला की गाठी होतात. मान सगळ्यात घट्ट, नाहीतर डोकं लवंडतं. धुवायची वेळ आली की पाठीचीच शिवण उसवायची. "गळ्याला कात्री नाही," हे ती दर वेळी बजावायची.

कारण विचारलं की यशोधर राजाची कथा सांगायची. आपल्यातल्या बहुतेक घरांत ती माहीत आहे. सोमदेवसूरींनी 959 मध्ये ती संस्कृतात 'यशस्तिलक' म्हणून लिहिली, जन्न कवीनं 1209 मध्ये कन्नडमध्ये. उज्जयिनीच्या राजानं आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगितलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. तो जीव मारायला तयार होईना. मग तिनं तोड काढली, पिठाचा कोंबडा कर. त्यानं त्यावर शस्त्र चालवलं. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा असे जन्म घेत फिरावं लागलं.

लहानपणी मला ही शिक्षा फार वाटायची. पिठाचाच तर होता! आता कळतं, चंद्रमतीचं म्हणणं आणि "कापडच आहे की" हे एकाच माळेतले मणी. पिठाला काही होत नाही, होतं ते मारणाऱ्याच्या मनाचं. द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा घडली. सहा वर्षांच्या पोराला राजाचं पाप लागत नाही, हे मलाही कळतं. पण हाताला सवय कशाची लागते, ते याच वयात ठरतं. आणि ओरडण्यात माझाही कषाय होताच, तेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवलं. पाठीची शिवण त्यानंच एकेक टाका उसवली. आत पांढरा कापूस.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

मग त्यानंच तो परत भरला. मान मात्र सैल राहिली. गळ्यावरचा काप मी रफू केला, तरी दिसतोच. नातीनं त्यावर मण्यांची पोत घातली.