हिनो, नाना आणि नक्कल

जपानहून येणारा माणूस बटणं असलेलं काहीतरी आणतो, अशी माझी भाबडी समजूत. गेल्या वर्षी आमच्या भाच्याने तिथून पाच जुन्या तबकड्या आणल्या. "मामा, तुमचा रेकॉर्ड प्लेअर अजून आहे ना?" आहे. भंगारवालाही उचलेना, म्हणून आहे.

तबकड्या निघाल्या तेरुमासा हिनो नावाच्या जॅझवाल्याच्या. हा ट्रम्पेट वाजवतो. सगळ्या 1969 ते 1979 या काळातल्या. पहिली लावली मात्र, वरच्या मजल्यावरचे नाना खाली हजर! नानांनी तरुणपणी एका बुवांकडे दहा वर्षं गाणं शिकलेलं. तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या सगळ्या आवाजांची जबाबदारी त्यांच्याकडे.

"कोण वाजवतंय?"

"हिनो."

"हीन? इतकं काही वाईट नाही हो!"

ती 1969 ची 'हाय-नॉलॉजी'. जेमतेम सत्ताविशीत स्वतःच्या नावाचं शास्त्र काढणारा माणूस! पण त्याच तबकडीवर एका चिजेचं नाव 'लाइक माइल्स', म्हणजे अमेरिकेतल्या थोर माइल्स डेव्हिससारखं.

"म्हणजे नक्कल," नाना म्हणाले. "कबुलीजबाब तर छापूनच दिलाय." हा शब्द त्यांनी चोरीचा पंचनामा वाचावा तसा उच्चारला.

मी वकीलपत्र घेतलं. म्हटलं, नाना, हा 1942 साली टोकियोत जन्मला, ऐन युद्धात. जॅझ म्हणजे तेव्हा तिथे शत्रूचं संगीत; 1943 साली त्यावर बंदी आली. 1945 साली जपान हरला आणि अमेरिकन फौजेबरोबर तेच संगीत राजरोस परत आलं. याचे वडील ट्रम्पेट वाजवायचे आणि टॅप डान्स करायचे. पोरगा चौथ्या वर्षी नाचायला लागला, नवव्या वर्षी ट्रम्पेट फुंकायला आणि 1955 पासून त्यावर कमवायला. (त्या वयात मी फक्त छड्या कमावल्या.) परदेशी तबकड्या महाग, म्हणून तिथे जॅझची कॉफीची दुकानं निघाली. एक कप मागवायचा आणि तासन्‌तास मुकाट ऐकत बसायचं. गुरू समुद्रापलीकडे, शाळा म्हणजे तबकडी. नक्कल केल्याशिवाय शिकणार कसं? आपला गोव्याचा चिक चॉकोलेट घ्या. मुंबईच्या हॉटेलांतून ट्रम्पेट गाजवला, 'अलबेला'त (1951) सी. रामचंद्रांच्या गाण्यांना रंग भरला, आणि लोक म्हणाले काय, तर हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग! कौतुकच ते, पण नाव दुसऱ्याचं.

नाना "हं" म्हणाले. मी दुसरी तबकडी लावली. 'तारोज मूड', जून 1973, म्युनिकच्या डोमिसिल क्लबातली मैफल. ड्रमवर धाकटा भाऊ मोतोहिको. इथे माइल्स मागे राहतो. ट्रम्पेट किंचाळतो, मधेच एकदम हळवा होतो. नानांची बोटं मांडीवर हलायला लागली.

जून 1975 मध्ये हिनो न्यूयॉर्कला राहायला गेला. आता हा पुरता अमेरिकन होणार, असं आपल्याला वाटावं, तर 1976 साली काढलं काय? 'होगिउता', म्हणजे साधारण आपलं मंगलगीत! पियानो नाहीच. ट्रम्पेट, सेसिल मॅकबीचा बास, भावाचे ड्रम आणि एम्टूमेची तालवाद्यं. टोकियोत असताना 'लाइक माइल्स' म्हणणाऱ्याला माइल्सच्या गावी जाऊन स्वतःची भाषा आठवली. आणि 1977 च्या 'मे डान्स'मध्ये त्याच्या साथीला कोण? रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स, साठीच्या दशकातले खुद्द माइल्सचे साथीदार!

शेवटची 1979 ची 'सिटी कनेक्शन' मऊ, गुळगुळीत आणि नाचरी. ती ऐकून नाना म्हणाले, "ही लग्नात लावा." मग स्वतः उठून त्यांनी 'होगिउता' पुन्हा लावायला सांगितली.

ती संपल्यावर म्हणाले, "पंचविशीत माझं एका घरी गाणं झालं. एक रसिक म्हणाले, 'वा! हुबेहूब बुवांची नक्कल. खोकलासुद्धा!' सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तंबोऱ्याला गवसणी घातली, ती आजतागायत." थोडं थांबून म्हणाले, "मी पहिल्या तबकडीलाच थांबलो हो."

यावर काय बोलावं मला सुचेना. मी चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून तंबोरा लागण्याचे आवाज यायला लागले. तो लागायला तासभर लागला. "आता वरून नाना आणि खालून हिनो!" आमची ही म्हणाली. मग नाना गायले. अगदी बुवांसारखे. खोकलासुद्धा.

'लाइक माइल्स'पासून 'होगिउता'पर्यंत पोचायला हिनोला सात वर्षं लागली. नानांना आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. हिशेब मी केला, पण वर जाऊन सांगितला नाही. रेकॉर्ड प्लेअर तेवढा बंद केला.