तेरेखोलचे दोन तीर

तेरेखोलच्या खाडीवर आजच्या सिंधुदुर्गाची हद्द संपते. अलीकडे सावंतवाडी, पलीकडे गोवा. दैवतें नि सोयरिकी एकच. सालाझारच्या अमलांत गोव्यांत लग्नपत्रिकाही सरकारी मंजुरीवांचून छापतां येत नसे. सभेची गोष्ट दूरच! 1946 त मडगांवीं भाषणास उभे राहतांच लोहिया पकडले गेले, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांस आठ वर्षांची शिक्षा झाली. इंग्रजी अमलांतही सावरकर 1937 पर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होतेच.

येथें मात्र पारडें फिरतें. त्याच पत्रिकेंतील गोमंतकीय वधूस 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनें, वेगळा करार नसल्यास, दांपत्याच्या मालमत्तेंत अर्धा वांटा मिळे. वाडीस दिलेल्या तिच्या बहिणीस तो नव्हता. हिंदु विधवेची पूर्ण मालकी इकडे 1956 त मान्य झाली.